मदत हवी आहे: रिक्षाच्या टायरचे मोल्ड, खांद्यावर माल भरत नाही, जोडावर फ्लॅश, अक्षरं पुसट

मंडळी, नमस्कार.

रबाळे एमआयडीसीतल्या एका छोट्या टायर कारखान्यात मी मोल्डरूम सांभाळते. मुख्य माल 4.00-8, म्हणजे ऑटोरिक्षाचा टायर. मोल्ड वरचा-खालचा असे दोन भागांचे. बाहेरचं अंग आणि बाजूच्या प्लेटी पोलादी, आत ट्रेडची (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीची) रिंग अ‍ॅल्युमिनियमची. प्रेस वाफेवर चालतात, मोल्ड 165 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. नवे मोल्ड घ्यायची मालकांची आत्ता ऐपत नाही, पण आहेत त्यात सुधारणा करायला ते खर्च करतील. तो पैसा आधी कुठे घालावा, हे मला कळत नाहीये.

सगळ्यात मोठा त्रास खांद्याचा. ट्रेडच्या कडेच्या ठोकळ्यांचे कोपरे भरत नाहीत, गोल राहतात, आणि तो टायर सेकंडमध्ये (कमी दर्जाच्या मालात) जातो. टायर प्रेसमधून बाहेर आला की मी आधी त्याच्या मिशा, म्हणजे हवा जायच्या बारीक भोकांतून (व्हेंटमधून) आलेले रबराचे केस, बघते. ज्या व्हेंटमधून रबराची मिशी आलीच नाही, ते भोक बंद आहे हे उघड आहे. डॉवेलपासून (दोन भाग जुळवणाऱ्या खुंटीपासून) जागा मोजून मोल्डवर खडूने खुणा केल्या, तर हे न भरलेले डाग बहुतेक वेळा त्याच जागी येतात. मग आमचा फिटर 1 मिमीचं ड्रिल हाताने फिरवून भोकं मोकळी करतो. ड्रिल आत तुटलं की ते भोक कायमचं गेलं.

दुसरं, जोडावरचा फ्लॅश, म्हणजे मोल्डच्या दोन भागांच्या फटीतून बाहेर आलेला रबराचा पापुद्रा. हे फक्त रिंगा बदललेल्या मोल्डवर दिसतं. जुन्या रिंगांचे मोल्ड अजून स्वच्छ माल देतात. फ्लॅश इतका जाड येतो की ट्रिमिंगची पोरं तो कापताना पातं ट्रेडमध्ये घुसतं.

तिसरं, बाजूची अक्षरं. मोल्ड साफ करायला बाहेर जातात, तिथे रेती मारतात. परत येतात तेव्हा चकचकीत दिसतात, पण अक्षरांच्या कडा दर वेळी थोड्या बोथट झालेल्या असतात. साइज आणि आयएसआयची खूण टायरवर नीट वाचता आलीच पाहिजे, तिथे मला तडजोड नको आहे. शिवाय निम्म्या व्हेंटमध्ये रेती अडकून येते ती वेगळीच.

स्प्रिंग व्हेंट, ड्राय आइस, लेझर, टेफ्लॉन कोटिंग, सगळ्यांचे सेल्समन येऊन गेले. प्रत्येकाच्या मते त्याच्याकडेच इलाज आहे. ज्यांनी हे हाताने केलंय त्यांनी कृपया सांगा.

जुना_फिटर:
ताई, डाग त्याच जागी येतो हे तुम्ही खुणा करून बघितलंत, त्याने अर्धं काम झालं. जागा बदलत राहिली असती तर ग्रीन टायर (कच्चा, न भाजलेला टायर), ओल किंवा ब्लॅडरचा (टायरला आतून मोल्डवर दाबणाऱ्या रबरी फुग्याचा) दाब तपासायला सांगितलं असतं. इथे दोष मोल्डचाच आहे. ठोकळ्याच्या कोपऱ्यात रबर सगळ्यात शेवटी पोहोचतं, तोवर तिथली हवा निघाली नाही तर ती जाणार कुठे?

पण स्प्रिंग व्हेंट आत्ता घेऊ नका. त्यात बारीक दांडी आणि स्प्रिंग असते. हवा जाईपर्यंत तोंड उघडं राहतं, रबराने दाबलं की बंद होतं, म्हणून मिशी येत नाही. वस्तू चांगली आहे. मात्र रेती मारणं चालू असेल तर पहिल्याच सफाईत कण आत जाऊन ती अडकणार. आधी सफाईची पद्धत बदला, मग व्हेंटचं बघा. हा क्रम उलटा केलेले कारखाने मी बघितलेत, महागडे व्हेंट शेवटी ठोकून काढावे लागले.

तुटलेलं ड्रिल ईडीएमवर (ठिणग्यांनी धातू खाणाऱ्या मशीनवर) निघतं, त्या भोकांवर फुली मारू नका. भोक थोडं मोठं करून त्यात व्हेंटची बुशी (भोक असलेली छोटी नळी) ठोकून बसवा. पुढे चोंदली तर बुशीच बदलायची, रिंगेला हात लावायचा नाही.

टूलरूमवाला:
फ्लॅशबद्दल लिहितो. नवीन रिंग बसवली तेव्हा थंडपणी किती सैल ठेवली होती? अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट फुगतं. तुमची रिंग बाहेरून 450 मिमी धरू. 30 वरून 165 अंशावर गेली की तिचा व्यास सुमारे 1.4 मिमी वाढतो, आणि बाहेरच्या पोलादाचा फक्त 0.7 च्या आसपास. म्हणजे थंडपणी रिंग घट्ट बसवली असेल, तर गरम झाल्यावर तिला बाहेर सरकायला जागाच नाही. ती मग जोडाच्या बाजूला उचलली जाते, तोंड उघडं राहतं, आणि रबराला तेवढी फट पुरते.

जुन्या रिंगेचा आणि नव्या रिंगेचा बाहेरचा व्यास थंडपणी मायक्रोमीटरने मोजून ताडून बघा. व्यासात 0.6 मिमीच्या आसपास मोकळीक असायला हवी. फार सैलही नको, कारण गरम असताना रिंग पोलादाला टेकली नाही तर वाफेची उष्णता आत पोहोचत नाही आणि ट्रेड कच्चा राहतो. हे झाल्यावरच जोडाच्या तोंडाला ब्ल्यू (निळा रंग) लावून दोन्ही तोंडं सगळीकडे टेकतात का, म्हणजे मॅचिंग, बघा. आधी तोंड ग्राइंड करायला कोणी सांगितलं तर ऐकू नका. तोंडाचं मटेरियल गेलं की मोल्डची रुंदी कमी होते, ती परत येत नाही.

ब्यूटाइल:
मोल्डवर जो थर बसतो त्यात झिंक सल्फाइड भरपूर असतं, कंपाउंडमधल्या झिंक ऑक्साइड आणि गंधकातून आलेलं. त्यावर रिलीज स्प्रेचं (टायर मोल्डला चिकटू नये म्हणून मारतात त्याचं) सिलिकॉन भाजून बसतं. म्हणून स्प्रे मारणाऱ्याचा हात आधी बघा. टायर चिकटला की माणूस स्प्रे वाढवतो, त्याने थर वाढतो, आणि थर वाढला की टायर आणखी चिकटतो. थर खरवडून ठाण्यात वागळे इस्टेटला इरमरा या रबर संशोधन संस्थेत विचारा, रबराचं काम तिथेच चालतं. थरात सिलिकॉन जास्त निघालं तर अर्धा इलाज स्प्रेच्या नोझलवर फुकटात होईल.

आणि एक कळकळीची विनंती. कोणी कॉस्टिक सोड्यात उकळा म्हटलं तर पोलादी प्लेटीपुरतं ठीक आहे, अ‍ॅल्युमिनियमची रिंग त्यात अजिबात टाकू नका. कॉस्टिक अ‍ॅल्युमिनियम खातं आणि वर हायड्रोजन सुटतो.

रबाळे_मोल्डरूम (धागाकर्ती):
खूप आभार सगळ्यांचे. एक नवी आणि एक जुनी रिंग आज काढून मोजली. नवीचा व्यास जुनीपेक्षा स्पष्ट मोठा आहे, सैलपणा जवळजवळ नाहीच. टूलरूमवाले दादा, तुमचा अंदाज बरोबर निघाला. लेथवर टर्निंगला देतेय.

सफाईचं अजून ठरत नाही. ड्राय आइस की लेझर? आणि टेफ्लॉन?

जुना_फिटर:
तुमच्यासारख्या कारखान्याला ड्राय आइस, तेही भाड्याने. मशीन विकत घेऊ नका. मोल्ड प्रेसवर गरम असतानाच मारायचं. उणे 78.5 अंशाचे दाणे गरम थरावर आदळले की थर तडकून सुटतो. दाणे मऊ असतात, अक्षरांची कड जात नाही, आणि मोल्ड उतरवून, टेम्पोत घालून बाहेर पाठवणंही वाचतं. फक्त चोंदलेला व्हेंट त्याने मोकळा होईलच असं नाही, तिथे हात लावावाच लागेल.

दोन गोष्टी सांभाळा. पावसाळ्यात आपल्याकडची हवा पाण्याने भरलेली असते, कॉम्प्रेसरला ड्रायर नसेल तर नोझलमध्येच बर्फ धरतो. आणि सुटणारा कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असतो, प्रेसच्या खड्ड्यात साचतो. त्या वेळी खड्ड्यात कोणालाही उतरू देऊ नका, पंखा लावा. याबाबतीत घाई झाली तर माणूस जातो.

लेझर बाजूच्या प्लेटींना उत्तम, पण जिथे किरण सरळ पोहोचत नाही तिथे मळ तसाच राहतो. तुमच्या खांद्याच्या कोपऱ्यांत नेमकं तेच होईल.

टूलरूमवाला:
टेफ्लॉनच्या आधी रिंगेचा ग्रेड विचारा. ते कोटिंग पक्कं करायला भट्टी 370 अंशाच्या आसपास नेतात. रिंग 6061 टी6 या कडक केलेल्या ग्रेडमधून कापलेली असेल तर त्या तापमानाला तिचा टेंपर (कडकपणा) जाईल, मऊ पडेल, आणि जोडाची तोंडं दाबाखाली बसतील. कमी तापमानाचं कोटिंग मिळत असेल तर एका मोल्डवर लावून बघा, सगळ्यांवर एकदम नको.

अक्षरांसाठी वेल्डिंग करू नका, प्लेट उष्णतेने ओढली जाते. मूळ ड्रॉइंगवरून सीएनसी एनग्रेव्हिंगने तीच अक्षरं थोडी खोल कापून घ्या. महापे-रबाळे पट्ट्यात हे काम करणारे पुष्कळ आहेत. रेती बंद झाल्यावरच कापा.

रबाळे_मोल्डरूम (धागाकर्ती):
मग असं करते. रिंगा टर्न होऊन आल्या की ब्ल्यू मॅचिंग. सफाई ड्राय आइसने, भाड्याने, खड्ड्यात पंखा लावून. ती बसली की तुटलेली ड्रिलं ईडीएमवर काढून खांद्यावरच्या भोकांना बुश्या, आणि अक्षरं त्यानंतर. स्प्रिंग व्हेंट आणि टेफ्लॉन पुढच्या वर्षाच्या बजेटला. स्प्रे मारणाऱ्या दादांबरोबर उद्या सकाळच्या पाळीत उभी राहून नोझल बघते. ड्राय आइसचं मशीन ठाणे-नवी मुंबईत भाड्याने देणारं खात्रीचं कोणी माहीत असेल तर व्यनि करा, आणि त्यांच्याकडे ड्रायरसकट कॉम्प्रेसर येतो का तेही लिहा.