ग्रुपवरचं पत्रक आणि मूळ शासन निर्णय

"व्हॉट्सॲप ग्रुपवर परिपत्रकं येतातच, शाळेच्या ऑफिसने वेगळं काय बघायचं?" असं वर विचारलंय. प्रवेशाचं टेबल माझ्याकडे असतं, म्हणून लिहिते.

ग्रुपवर येतो तो बहुतेकदा पहिल्या पानाचा तिरका फोटो. कामाची गोष्ट शेवटी असते, ती म्हणजे संकेतांक, त्या शासन निर्णयाचा स्वतःचा क्रमांक. तो शासनाच्या संकेतस्थळावर टाकून मूळ प्रत निघाली तरच मी पालकांना काही सांगते. मग वरचे 'संदर्भ', म्हणजे आधीच्या निर्णयांची यादी, वाचायची. जुना निर्णय रद्द झालाय की नुसती सुधारणा आहे, याचा माग तिथूनच लागतो. पहिलीच्या वयाचा मानीव दिनांक, म्हणजे ज्या तारखेला मुलाचं वय मोजतात ती तारीख, 30 सप्टेंबरचा 31 डिसेंबर झाला, तरी आमच्या भिंतीवर जुनाच तक्ता! नोव्हेंबरात जन्मलेल्या मुलीच्या आईला त्यापायी परत पाठवलं होतं. नंतर फोन करून बोलावलं, पण शरमच वाटली.

आणि नुसते शासन निर्णय बघूनही भागत नाही. आरटीईचं, म्हणजे शिक्षण हक्क कायद्याचं, 2024 आठवा. एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला गरीब व वंचित मुलांसाठीच्या 25 टक्के राखीव जागांतून सूट, अशी अधिसूचना फेब्रुवारीत निघाली. मे महिन्यात उच्च न्यायालयाने स्थगिती दिली, 19 जुलैला अधिसूचनाच रद्द केली. मधल्या मधे पालकांना अर्ज पुन्हा भरावे लागले. तेव्हापासून प्रवेशाच्या दिवसांत कोर्टाच्या बातम्याही मी रोज सकाळी बघते, चहाच्या आधी.