बीपीच्या गोळीचा बॅच 'फेल' यादीत आहे का, हे घरबसल्या कसं तपासायचं?

नमस्कार मंडळी. प्रश्न साधा वाटेल, पण ज्याला विचारावं तो खांदे उडवतो, म्हणून इथे लिहितोय.

आम्ही मुलुंडला राहतो. बाबा ७४ वर्षांचे. बीपीसाठी टेल्मिसार्टन, जोडीला कॅल्शियम. मध्यंतरी सोसायटीच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला: पॅरासिटामोल, कॅल्शियम, बीपी, शुगर, सगळ्यांवर सरकारची बंदी, घरात असतील तर आत्ताच्या आत्ता फेका. सोबत एका वाहिनीचा स्क्रीनशॉट, त्यावरची तारीख बरोब्बर कापलेली. दुसऱ्या दिवसापासून बाबांची गोळी बंद. डॉक्टरांना विचारू म्हटलं तर म्हणाले, "ते काय सांगणार? त्यांना कंपनीवालेच गोव्याला नेतात." यावर काय बोलणार!

शोधल्यावर कळलं की बातमी सप्टेंबर २०२४ ची आहे आणि बंदी वगैरे काही नव्हती. केंद्राची औषध नियंत्रण संस्था, सीडीएससीओ, दर महिन्याला दर्जाच्या चाचणीत नापास झालेल्या औषधांची यादी काढते. त्या महिन्यात यादीत ५३ नावं होती आणि त्यात रोजच्या वापरातली बरीच असल्यामुळे गाजावाजा झाला. पण नापास होतो तो एखादा बॅच. म्हणजे एका कारखान्यात एका वेळी बनलेला लॉट. देशभरातलं सगळं टेल्मिसार्टन नव्हे. यादीत प्रत्येक नावापुढे बॅच नंबर, उत्पादनाची तारीख, एक्स्पायरी, उत्पादक आणि नापास होण्याचं कारण दिलेलं असतं. बातमीत यातलं फक्त औषधाचं नाव उरलं. ज्या एका आकड्यावरून माणसाला आपली गोळी ओळखता आली असती, नेमका तोच गाळला. वर 'तुम्हीही हेच औषध घेता का?' असा मथळा. याला आरोग्यवार्ता म्हणायचं!

हे बाबांना समजावलं. ते लगेच म्हणाले, "बरं, मग आपला बॅच सांग." इथे मी अडकलो. आमचा मेडिकलवाला पट्टी कापून देतो. हातात आलेल्या तुकड्यावर ना बॅच, ना एक्स्पायरी.

त्यातून आणखी एक गोष्ट वाचली. त्या यादीतल्या काही नामवंत ब्रँडच्या कंपन्यांनी 'हा बॅच आम्ही बनवलेलाच नाही, माल नकली आहे' असं कळवलं होतं. म्हणजे मोठ्या कंपनीचं नाव बघून निर्धास्त व्हायचीही सोय नाही. शिवाय नमुना घेणार, प्रयोगशाळेत जाणार, अहवाल येणार, मग यादी लागणार. तोवर तो बॅच लोकांच्या पोटात जाऊनही झालेला असणार. नापास बॅच विकत घेतलेल्या पेशंटला कोणी फोन करून सांगितल्याचं तुमच्यापैकी कोणी ऐकलंय का?

तर मदत हवी आहे ती अशी. कापलेल्या पट्टीचा बॅच शोधायचा कसा? मुंबईत सामान्य माणसाला गोळी कुठे तपासून घेता येते का, आणि कोणी खरंच घेतली आहे का? पाकिटावरच्या क्यूआर कोडचा यात काही उपयोग? आणि बाबांना परत गोळीवर कसं आणू, हेही सुचवा. कृपया 'लसूण खा, बीपी उतरेल' असले सल्ले नकोत, ते ग्रुपवर भरपूर मिळालेत.

दादर_टीटी
बाकी चर्चा होत राहील, आधी आज संध्याकाळी डॉक्टरांना फोन लावा आणि गोळी बंद आहे हे सांगा. घरी मशीन असेल तर सकाळ-संध्याकाळ बीपी मोजून वहीत लिहायला बाबांनाच बसवा. आमच्या सासऱ्यांनी कोणाचं ऐकलं नसतं, स्वतःच्या हातानं लिहिलेले आकडे बघून ऐकलं. कदाचित निकृष्ट असेल या भीतीनं गोळीच न घेणं म्हणजे शून्य टक्के औषध. त्याहून निकृष्ट बॅच कुठला असणार?

गोळीबंद
ठाण्यात मेडिकल आहे, त्यामुळे आमच्या लोकांच्या खोड्या ठाऊक आहेत. बॅच आणि एक्स्पायरी छापलेलं टोक शेवटपर्यंत राखून बाकीची पट्टी कापायची, ही शिस्त. घाईत पाळली जात नाही. तुम्ही पक्कं बिल मागा. कॉम्प्युटरच्या बिलावर औषधापुढे बॅच नंबर छापलेला असतो. बाबांची गोळी रोजचीच आहे, तर अख्ख्या पट्ट्याच घ्या, एकाच बॅचच्या. 'बिल कशाला, डिस्काउंट देतो' म्हणणारा असेल तर दुकान बदला.

क्यूआरबद्दल: १ ऑगस्ट २०२३ पासून ३०० ब्रँडना तो सक्तीचा आहे. स्कॅन केल्यावर औषधाचं नाव, उत्पादक, परवाना क्रमांक, बॅच, तारखा दिसतात. पट्टीवरचं आणि स्कॅनमधलं जुळत नसेल तर संशय घ्या. पण तो बॅच पुढे चाचणीत नापास झाला का, हे कोड सांगत नाही. त्यासाठी सीडीएससीओच्या संकेतस्थळावरची यादीच उघडावी लागते.

तपासणीचं म्हणाल तर १९४० च्या औषध कायद्यात कलम २६ आहे. कोणीही ग्राहक विकत घेतलेलं औषध ठरलेली फी भरून सरकारी विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, सहीचा अहवाल मिळतो. चौकशी बांद्रा-कुर्ला संकुलातल्या एफडीएच्या, म्हणजे राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाच्या, कार्यालयात करा. मात्र उरलेल्या चार गोळ्या घेऊन जाऊ नका. गोळी विरघळते का हे बघायलाच पहिल्या फेरीत ६ लागतात, निकाल काठावर आला तर आणखी ६, नंतर १२. मात्रा तपासायला बहुधा २० गोळ्यांची एकत्र पूड करतात. एकाच बॅचच्या न उघडलेल्या पट्ट्या हव्यात, बिलासकट.

कॅल्शियमच्या डबीवर औषध परवाना आहे की एफएसएसएआयचा (केंद्राची अन्न सुरक्षा संस्था) १४ आकडी क्रमांक, तेही बघा. दुसरा असेल तर कायद्याच्या लेखी ते अन्न आहे, औषधांच्या यादीत ते शोधून सापडणार नाही.

जुना_भायखळेकर
मुंबईकरांना हे नवीन नाही. १९८६ साली जेजे रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन आयोगानं एफडीएलाही सोडलं नव्हतं, आरोग्यमंत्री भाई सावंतांना राजीनामा द्यावा लागला. आणि २०२५ मध्ये छिंदवाड्यात खोकल्याच्या औषधातून पुन्हा तेच रसायन, या वेळी लहान मुलं दगावली. तुमचे वडील घाबरले त्यात त्यांचं काही चुकलं नाही. त्यांना वेड्यात काढू नका.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. डॉक्टरांशी बोलणं झालं, त्यांनी आजपासून गोळी सुरू करायला सांगितलं. वहीची युक्ती चालली, बाबांनी रकानेसुद्धा आखले. @गोळीबंद, बिलावरून बॅच मिळाला, अलीकडच्या याद्यांमध्ये दिसला नाही. एक राहिलं. बाबा रविवारी सगळ्या गोळ्या पट्टीतून काढून वारांच्या कप्प्यांच्या डबीत भरून ठेवतात. चालतं ना?

गोळीबंद
बाकीच्यांचं माहीत नाही, टेल्मिसार्टनला नाही चालत. ते हवेतला ओलावा ओढतं, घ्यायच्या वेळीच पट्टीतून काढायचं. मुंबईच्या पावसाळ्यात तर अजिबात नको. डबी सोडवत नसेल तर कात्रीनं एकेक गोळी कव्हरसकट कापून कप्प्यात टाका. आणि बॅचचं टोक वहीत चिकटवा.