शब्दचर्चा : ‘प्शेसोंत’, ‘झाबोबोन’, ‘गुस्वा’... सगळ्यांना ‘अंधश्रद्धा’च म्हणायचं का?

शाईचा डाग :

मंडळी, एका अनुवादात अडकलोय. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याच्या पोलिश छावणीवर (१९४३ ते १९४८, सुमारे पाच हजार निर्वासित, त्यांत बायका-मुलंच जास्त) एका दिवाळी अंकात विभाग येतोय. त्याला जोडून पोलिश खेड्यांतल्या जुन्या समजुतींवर एक लेख आहे. तो मराठीत आणायचं काम माझ्याकडे आलंय. लेखात चार शब्द सारखे येतात : प्शेसोंत, झाबोबोन, गुस्वा आणि व्येझेन्या. संपादकांचं म्हणणं, चारही ठिकाणी ‘अंधश्रद्धा’ टाका आणि मोकळे व्हा. पण मूळ लेखक एकाच वाक्यात ‘गुस्वा आणि झाबोबोन’ असं लिहितो, तिथे मी काय ‘अंधश्रद्धा आणि अंधश्रद्धा’ लिहू? शिवाय लेखात ‘स्तशिगा’ नावाची एक बया आहे. तिला हडळ म्हटलं तर चालेल का?

विस्तुलाकाठी :

पोलंडमधल्या क्राकुफ शहरात राहते आणि हे शब्द रोज कानावर पडतात, म्हणून सविस्तर लिहिते.

प्शेसोंतमधला ‘सोंत’ म्हणजे निवाडा. कोर्टालाही तोच शब्द. आधीच करून ठेवलेला निवाडा तो प्शेसोंत, म्हणजे थेट आपला ‘पूर्वग्रह’. वंशाबद्दलचे पूर्वग्रह वगैरे बोलताना तो अजून त्याच अर्थाने येतो. पण रोजच्या बोलण्यात प्शेसोंत म्हणजे काळी मांजर, उंबरठा आणि बटण. उंबरठ्याच्या अल्याडपल्याड उभं राहून हात मिळवायचा नाही. विसरलेली वस्तू घ्यायला घरात परत आलात तर जरा टेकायचं आणि मग निघायचं. धुराडी साफ करणारा काळ्या कपड्यांतला माणूस रस्त्यात दिसला की स्वतःचं बटण धरायचं, म्हणजे नशीब उघडतं. माझ्या ऑफिसातले चांगले शिकलेसवरलेले लोक बटण धरतात आणि वर स्वतःच हसतात. याला ‘अंधश्रद्धा’ म्हणणं म्हणजे माशी मारायला तोफ. इथे ‘समजूत’ पुरे, फार तर ‘खुळी समजूत’.

झाबोबोन वेगळा. त्याला प्रवचनाचा वास आहे. पाद्री व्यासपीठावरून ज्याला नावं ठेवतो ते झाबोबोन. स्वतःच्या आजीच्या रीतीला सहसा कुणी झाबोबोन म्हणत नाही, शेजारच्या गावच्या रीतीला म्हणतात! इथे तुमच्या संपादकांची ‘अंधश्रद्धा’ खुशाल वापरा, कारण बोलणारा ठपकाच ठेवतोय.

गुस्वा ही समजूत नव्हे, कृती आहे. पुटपुटणं, मंतरणं, ओवाळून टाकणं. शब्द नेहमी अनेकवचनात येतो, आपल्या ‘तोडगे-उतारे’सारखा. आणि व्येझेन्या हा अभ्यासकांचा शब्द. मूळ क्रियापद ‘विश्वास ठेवणे’ हे. बरं नाही, वाईट नाही, लोक असं असं मानतात एवढंच. ‘लोकसमजुती’ किंवा ‘लोकश्रद्धा’.

तेव्हा प्रत्येक वाक्यात कोण बोलतंय ते बघा. शेजारीण, पाद्री, मांत्रिक की प्राध्यापक? शब्द त्यावर ठरेल.

तिरफळ :

विस्तुलाताई, ‘गुस्वा’बद्दल काही लेखी आधार आहे का? म्हणजे अभ्यासकही तो शब्द नाक न मुरडता वापरतात का?

विस्तुलाकाठी :

आहे ना. ओस्कार कोल्बर्ग (१८१४–१८९०). शिक्षणाने संगीतकार, पोटासाठी काही वर्षं वॉर्सा–व्हिएन्ना रेल्वेत हिशेबनीस. १८५७ साली त्याने लोकगीतांचा खंड काढला आणि मग मरेपर्यंत थांबलाच नाही. हयातीत तीसहून जास्त खंड निघाले. उरलेली हस्तलिखितं धरून समग्र कोल्बर्ग छापायला १९६१ मध्ये सुरुवात झाली आणि त्याचे ऐंशीच्या वर खंड आहेत. १८६५ च्या सांदोमिर भागावरच्या खंडापासून त्याने मालिकेला ‘लुद’ म्हणजे ‘लोक’ असं नाव दिलं आणि खाली लांबलचक यादी जोडली : चालीरीती, राहणी, बोली, दंतकथा, म्हणी, विधी, गुस्वा, खेळ, गाणी, संगीत आणि नाच. बघा, विधी आणि खेळ यांच्यामध्ये गुस्वा बिनदिक्कत बसलेत. प्शेसोंत नाही, झाबोबोन नाही. हिशेबनिसाची शिस्त म्हणा, त्याने नोंद केली, शेरा मारला नाही.

तेव्हा पोलंड नकाशावर नव्हता हेही ध्यानात घ्या. १७९५ ते १९१८ तो रशिया, प्रशिया आणि ऑस्ट्रियाने वाटून घेतलेला. कोल्बर्गने देशाऐवजी प्रांतवार खंड केले : कुयावी, क्राकुफ, पोझनान, लुब्लिन, माझोव्ह्शे. आणि ‘लुद’ म्हणजे सरसकट जनता नव्हे. तेव्हा त्याचा रोख कुळवाडी, शेतकरी यांच्याकडे होता.

करवीरकर :

मग ‘फोकलोर’ या विषयालाच पोलिशमध्ये काय म्हणतात? इंग्रजी शब्द १८४६ चा, विल्यम थॉम्सने काढलेला, एवढं माहीत आहे.

विस्तुलाकाठी :

‘लुदोझ्नाफ्स्त्वो’. लुद म्हणजे लोक आणि पुढचा भाग ‘जाणणे’ या अर्थाचा. त्यातलं ‘झ्ना’ आणि आपलं ‘ज्ञा’ एकाच मुळाचे. १८९५ मध्ये ल्वुफला (आता युक्रेनमध्ये) याच नावाची संस्था निघाली, तिचं ‘लुद’ हे नियतकालिक आजही चालू आहे. हल्ली विद्यापीठात ‘फोल्क्लोरिस्तिका’ जास्त ऐकू येतं.

शाईचा डाग :

म्हणजे तिथे ‘लोकविद्या’ लिहितो. आपलं रूढ ‘लोकसाहित्य’ तिथे तोकडं पडतं. ओव्या, कहाण्या, उखाणे त्यात मावतात, पण ट्रकखाली टांगलेलं लिंबू-मिरची हे कुठलं साहित्य?

विवेकी :

चर्चा छान आहे, पण मला धोका दिसतो. ‘लोकश्रद्धा’ म्हणून सगळं गोंडस करायची फॅशन आली आहे. आपल्याकडे ‘अंधश्रद्धा’ या शब्दामागे माणसांनी आयुष्यं घातलीत, डॉ. दाभोलकरांचा तर त्यात खून झाला. या शब्दाची धार बोथट करू नका. पोलंडमधल्या ‘कोवतुन’बद्दल तुमच्या लेखात काही आहे का? ते वाचा आणि मग सांगा ‘समजूत’ पुरते का.

शाईचा डाग :

कोवतुनचा एक परिच्छेद आहे. डोक्यावरचा गुंता असं काहीसं. नीट कळलेलं नाही.

विवेकी :

मी लिहितो, कारण आमच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामाशी त्याचा थेट संबंध आहे.

कोवतुन म्हणजे जट. केस एकमेकांत गुंतून, घाम, मळ, उवा यांनी थापला गेलेला गोळा. युरोपातल्या वैद्यांनी त्याला पोलंडचंच नाव चिकटवलं होतं, ‘प्लिका पोलोनिका’. लोक मानत की शरीरात एक दुखणं हिंडत असतं, ते केसांतून बाहेर पडलं की जट होते. म्हणून जट आली तर सुटका. आणि कापली तर दुखणं उलटून आत शिरतं, माणूस आंधळा होतो, वेडा होतो. त्यामुळे कापायची तर नाहीच, काही जण मुद्दाम वाढवत. त्या आतल्या दुखण्याचं नाव ‘गोश्चेत्स’, ‘पाहुणा’ या अर्थाच्या शब्दावरून आलेलं. दुखण्याला चिडवायचं नाही, मान द्यायचा. आपण नाही का त्या रोगाला ‘देवी’ म्हणायचो?

क्राकुफचे प्राध्यापक युझेफ दीत्ल (१८०४–१८७८) यांनी १८५० च्या दशकात ठासून सांगितलं की हा रोगच नाही, ही अस्वच्छता आहे. कापा आणि डोकं धुवा. पुढे १८६६ ते १८७४ ते त्या शहराचे महापौर होते.

आता महाराष्ट्र आणि सीमाभागात या. बाईच्या केसांत जट दिसली की यल्लम्माचं बोलावणं आलं म्हणायचं, कापली तर देवी कोपेल, घरात कुणीतरी जाईल. पूर्वी यातून मुली देवीला सोडल्या जात. आमचे कार्यकर्ते आजही घरोघरी जाऊन, तासन्‌तास समजावून जट सोडवतात. कापताना बाईचा हात हातात धरून बसावं लागतं, कारण ती थरथरत असते. वर्षानुवर्षं मानेवर ते ओझं वागवल्याने मान आखडलेली असते. कात्री चालली की आधी मान हलवून बघते. याला ‘लोकश्रद्धा’ म्हणू?

विस्तुलाकाठी :

विवेकीदादा, इथे पूर्ण सहमत. दीत्लच्या तोंडी वाक्य असेल तर ‘अंधश्रद्धा’च हवी. कोल्बर्गच्या तोंडी असेल तर नको. तेवढंच म्हणतेय.

एक पुरवणी : आजच्या पोलिशमध्ये कोवतुन हा मुख्यतः माणसाला दिलेला शब्द आहे. कोत्या मनाचा, चार भिंतींतल्या अब्रूला जपणारा, वर नीतीच्या गप्पा मारणारा मध्यमवर्गीय. डोक्यावरचा गुंता डोक्यात गेला! त्या अर्थाने आला तर ‘जट’ लिहू नका, ‘कोत्या मनाचा’ लिहा.

करवीरकर :

गंमत म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या लांबलचक नावात ‘नरबळी’ आहे, ‘अमानुष, अनिष्ट व अघोरी प्रथा’ आहे, ‘जादूटोणा’ आहे, पण ‘अंधश्रद्धा’ हा शब्द नाही. कायद्याला कृती पकडता येते, समजूत नाही. म्हणजे कायदा गुस्वावर आहे, प्शेसोंतवर नाही :)

तिरफळ :

दृष्ट लागण्याला काही शब्द आहे का? आमच्याकडे मीठ-मोहरी-मिरच्या ओवाळून चुलीत टाकतात. ठसका आला नाही की आजी म्हणणार, “बघ, केवढी दृष्ट होती!” ठसका आला तर मिरच्या चांगल्या होत्या, एवढंच.

विस्तुलाकाठी :

‘उरोक’. पण त्यात बघणं नाही, बोलणं आहे. ‘म्हणणे’ या क्रियापदातून आलाय : कुणीतरी काही बोललं आणि ते लागलं. लेखात मात्र ‘दृष्ट’च लिहा, काम तेच आहे. तपासायची रीतही तुमच्या आजीला पटेल : विस्तवातले निखारे पाण्याच्या भांड्यात टाकायचे, बुडाले तर उरोक लागलाय. बाबागाडीला लाल फीत अजून सर्रास बांधलेली दिसते, आपल्या तिटेच्या जागी. कौतुक जास्त झालं की म्हणायचं, “ना प्सा उरोक!” म्हणजे लागायचीच तर कुत्र्याला लागो. ‘दृष्ट न लागो’ हे सौम्य झालं. ‘इडापीडा टळो’ जवळचं, पण त्यात बिचारा कुत्रा नाही.

गंमत अशी की उरोक या शब्दाचा आजचा पहिला अर्थ ‘मोहकपणा’ असाच आहे. गावाचा उरोक, बाईचा उरोक. संदर्भ न बघता ‘दृष्ट’ टाकलीत तर पर्यटनाच्या जाहिरातीत गावाला दृष्ट लागेल.

वऱ्हाडी ठेचा :

गारपिटीवाला कोणी आहे का तुमच्या लेखात?

शाईचा डाग :

आहे! ‘प्वानेत्निक’. ढग ओढणारा, गारा वळवणारा. मी ‘मेघदूत’ लिहिणार होतो.

वऱ्हाडी ठेचा :

अहो कालिदासाला कशाला त्रास देता! आमच्या विदर्भात याच कामाचा माणूस होता, गारपगारी. नाथपंथी. गावाच्या शिवारावर गार पडू नये म्हणून मंत्र घालायचा आणि त्याबद्दल गावाकडून धान्य घ्यायचा. शब्दातच ‘गार’ आहे आणि ‘पगार’ पण.

विस्तुलाकाठी :

वा! अर्धा प्वानेत्निक नक्की गारपगारी आहे. दक्षिण पोलंडच्या डोंगराळ भागात हा गावातला जिताजागता माणूस असायचा, तो ढग हटवतो म्हणून लोक त्याला मानत. पण दुसरा अर्धा भूतयोनीत जातो : ढगातच राहणारा, कधी दोर तुटून खाली पडणारा. खाली आला की काळ्या गाईचं दूध आणि काळ्या कोंबडीचं अंडं मागतो. लोक त्याच्यासाठी वाऱ्यावर पीठ उधळत. माणूस असेल तिथे ‘गारपगारी’ लिहा, ढगातला असेल तिथे ‘प्वानेत्निक’ तसाच ठेवा.

तिरफळ :

स्तशिगा राहिली. हडळ म्हणायला काय हरकत आहे? बाईच ना?

विस्तुलाकाठी :

हरकत आहे. आपली भुतं मरणावरून ठरतात. मुंज झाली, लग्न झालं नाही आणि गेला, तो मुंजा. बाळंतपणात गेली ती अळवंतीण. कसा मेला, काय राहून गेलं, यावर योनी. स्तशिगा जन्मावरून ठरते. मूल दोन आत्मे घेऊन येतं, कधी दातांच्या दोन ओळी घेऊन. एक आत्मा मेला तरी दुसरा मागे उरतो आणि उठतो. म्हणजे हिचं काही राहून गेलेलं नाही, हिच्याकडे एक जास्तच आहे. हडळ लिहिलंत की हा सगळा हिशेब बुडाला.

२०२२ मध्ये तोरुनच्या विद्यापीठातल्या लोकांना प्येन गावी सतराव्या शतकातल्या दफनभूमीत एक बाई सापडली. गळ्यावर विळा, धार आत, उठली तर मान कापली जावी अशी. आणि पायाच्या अंगठ्याला कुलूप. मराठी बातम्यांत ‘व्हॅम्पायर’ म्हणून आलं होतं ते हेच. तिला कुठल्या नावाने घाबरत होते हे सांगाडा सांगत नाही, त्यामुळे लेखात तिला ना हडळ म्हणा ना स्तशिगा. ‘उठू नये म्हणून विळा घालून पुरलेली बाई’ एवढं बास.

पाण्यात ओढणाऱ्या ‘तोपिएलेत्स’ला मात्र कोकणातला गिऱ्हा चालेल असं वाटतं. तिरफळ, तुम्ही सांगा. आणि भर दुपारी उभ्या पिकात हिंडणारी ‘पोवुद्नीत्सा’ आहे, बाराला शेतात थांबलेल्यांना धरणारी. नावातच ‘दुपार’ आहे. पोरांना पिकात जाऊ द्यायचं नसेल तर हिचं नाव घ्यायचं. उन्हाचा झटका हेच तिचं खरं रूप असावं.

तिरफळ :

गिऱ्हा चालेल, पण तळटीप द्या. आमच्याकडे त्याच्याशी कुस्ती खेळून त्याला वश करणाऱ्यांच्या गोष्टी आहेत, तुमचा तसा नसेल तर घोटाळा होईल. दुपारवालीला ‘दुपारबाई’ करा, साती आसरांच्या पंगतीत बसेल.

शाईचा डाग :

‘दुपारबाई’ घेतली. शेवटची अडचण व्याकरणाची. स्तशिगा तशीच ठेवली तर विभक्ती कशी? ‘स्तशिगाला’ की ‘स्तशिगेला’?

करवीरकर :

आकारान्त स्त्रीलिंगी आहे, शाळेसारखी चालवा. अमेरिकेला जाता ना? मग स्तशिगेला, स्तशिगेचे दात. अनेकवचन ‘दोन स्तशिगा’.

वऱ्हाडी ठेचा :

पण रशियाला जातो, रशियेला नाही.

करवीरकर :

रशिया पुल्लिंगी केलाय आपण. ही बाई आहे.