शनिवार आला की मुलीचे पोट दुखते: वेगळे होण्याने आम्ही तिचे नुकसान केले का?

सई: परस्परसंमतीने घटस्फोट मिळावा म्हणून आम्ही दोघांनी पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला आहे. तिसरीत शिकणारी आमची मुलगी माझ्याजवळ राहते आणि रविवारी तिच्या बाबांकडे जाते. अलीकडे शनिवारची संध्याकाळ झाली की तिचे पोट दुखू लागते. डॉक्टरांना तपासणीत काही आढळले नाही. रविवारी परत आल्यावर दिवस कसा गेला असे विचारले, तर ती आधी माझा चेहरा न्याहाळते आणि मग "ठीक" एवढेच म्हणते. लेकरासाठी तरी एकत्र राहायला हवे होते, असे दोन्हीकडचे नातेवाईक ऐकवतात. त्यांचे खरे आहे का?

सुनंदा (निवृत्त शिक्षिका): सईताई, माझ्या मते नाही. पॉल अमॅटो आणि ब्रूस कीथ या संशोधकांनी १९९१ मध्ये तोवरच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा घटस्फोटित पालकांची मुले सरासरीने थोडी मागे असल्याचे दिसले. मात्र एकाच छताखाली राहून सतत भांडणाऱ्या आईवडिलांच्या मुलांची स्थिती त्यांच्याहून बरी नव्हती. म्हणजे दोन घरे झाल्याने मुलाला त्रास होतोच, परंतु दोघांमधले वैर चालू राहिले, तर तो त्रास संपत नाही. तुमची मुलगी आधी चेहरा न्याहाळते, कारण "मजा आली" म्हटले तर आई दुखावेल आणि "कंटाळा आला" म्हटले तर बाबांशी बेइमानी होईल, असे तिला वाटत असावे. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला हा ताण शब्दांत मांडता येत नाही, म्हणून पोट दुखते, झोप मोडते किंवा अभ्यासातले लक्ष उडते. अशी मुले वर्गात बहुधा फार शहाण्यासारखी वागतात आणि म्हणूनच नजरेतून सुटतात, याचे मला आजही वाईट वाटते. फी, गणवेश, यायला झालेला उशीर यांविषयीचे निरोप तिच्या तोंडी जात असतील, तर ते आधी थांबवावेत.

अनिरुद्ध (वकील): कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. १९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याच्या कलम १३ नुसार मुलाचे हित सर्वोपरी मानले जाते, आणि आई व वडील दोघांचाही सहवास हा मुलाचा हक्क असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने २०२० च्या एका निकालात सांगितले आहे. परस्परसंमतीच्या अर्जात ताबा आणि भेटी यांविषयीच्या अटी मोघम ठेवू नयेत. सुट्ट्या, सणवार, वाढदिवस, फोनची वेळ आणि मुलीला नेण्या-आणण्याची जागा स्पष्ट लिहून घ्यावी, म्हणजे दर रविवारी दारात नवा वाद उभा राहत नाही. कौटुंबिक न्यायालयात समुपदेशक असतात. दोघांनी मिळून त्यांची भेट घ्यावी.

प्राजक्ता: माझे आईबाबा मी चौथीत असताना वेगळे झाले. "तुला कोणाकडे राहायचे?" हा प्रश्न मला सगळ्या नातेवाइकांनी विचारला, आणि त्याची धास्ती मला भांडणांहूनही अधिक वाटे. पुढे एकदा शाळेच्या स्नेहसंमेलनाला दोघेही आले, शेजारी बसले नाहीत, पण माझा नाच संपल्यावर एकमेकांशी दोन शब्द नीट बोलले. त्यानंतर एकाच्या घरी दुसऱ्याचे नाव घ्यायला मी कचरेनाशी झाले. सईताई, शनिवारी तिची पिशवी भरताना "बाबांबरोबर मजा कर" एवढे तुम्ही तिला मनापासून म्हणू शकलात, तर परतल्यावर तिला काही विचारावे लागणार नाही असे मला वाटते.