वायफायवरचा फोन आणि कोयनेचं खोरं
एकांनी विचारलंय, अमेरिकेतल्या रिपब्लिक वायरलेस या मोबाइल कंपनीसारखी वायफायवर चालणारी स्वस्त सेवा आपल्याकडे का नाही? त्या कंपनीनं २०११ मध्ये महिना १९ डॉलरचा प्लॅन काढला होता. वायफाय असेल तिथे कॉल त्यावरून, नसेल तिथे स्प्रिंट या दुसऱ्या मोबाइल कंपनीच्या टॉवरवरून. तिकडे तेव्हा बिलं जबर होती. इथे कॉल पॅकमध्येच अमर्याद, मग वाचवायचं काय?

पैशाचं सोडा, रेंजचं बघा. आमचं घर कोयनेच्या खोऱ्यात, पाटणच्या वर, डोंगराआड. गावात फायबर इंटरनेट आल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केलं, म्हणजे कॉल टॉवरऐवजी घरच्या वायफायवरून जातो. आता आई चुलीजवळ बसून बोलते, आधी देवळाच्या पारापर्यंत जावं लागायचं. वेगळं ॲप नको, जादा पैसे नकोत, समोरच्याकडे साधा बटणांचा फोन असला तरी चालतं. एअरटेल आणि जिओ दोघांकडे ही सोय २०१९-२० पासून आहे, बऱ्याच जणांना पत्ताच नाही.

खरी अडचण लाईटची. आमच्याकडे पावसाळ्यात ती गेली की राउटर बंद आणि फोनही मुका. राउटरसाठी छोटा यूपीएस, म्हणजे लाईट गेल्यावर चालणारी बॅटरी मिळते, ती घेऊन टाका. फक्त राउटरच्या ॲडॉप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते आधी बघा आणि तेवढ्याचाच घ्या, बहुतेक १२ असतं.