चाकणची शेड: ऑर्डरचा भरवसा नाही, आज नेमकं किती बांधायचं?

भोसरीकर:
चाकणला 20 × 45 मीटरची पीईबी (कारखान्यात बनवून जागेवर बोल्टनं जोडायची स्टीलची) शेड घेतोय. सुरुवात 4 व्हीएमसींनी (उभ्या सीएनसी मिलिंग मशीनांनी). इंजिनाचा पार्ट आहे तसाच चालला तर 4 पुरतात, थोडा वाढला तर 6 लागतील आणि ग्राहकाचा ईव्ही मोटर हाऊसिंगचा प्रोग्रॅम आला तर थेट 14. तिन्ही शक्यता साधारण सारख्याच. सल्लागार म्हणतात, सरासरी 8 धरा आणि हवा, वीज, क्रेन सगळं त्याच हिशोबानं करा. पटत नाहीये, पण खोडूनही काढता येईना.

लोडफॅक्टर:
खोडून काढायला सोपं आहे. 8 मशीन लावली की मागणी 4 असेल तर 4 चंच काम मिळणार, 6 ला 6 चं, आणि 14 ला मात्र 8 चंच. म्हणजे मागणीची सरासरी 8 आणि विक्रीची 6. मंदीतला तोटा पुरा सोसायचा आणि तेजीतला फायदा मात्र 8 वर अडवायचा, असा हा सौदा आहे.

जे नंतर फोडावं लागेल ते आज मोठं घ्या. जे ट्रकमधून आणून बोल्टवर बसतं ते थांबवा.

हवेचंच घ्या. मशीनला 12 सीएफएम (मिनिटाला घनफूट) हवा धरली तर आज सुमारे 50, आणि 14 मशीन व गळती धरून 200. 7 बारला 1 इंची हेडरमध्ये (हवेच्या मुख्य पाइपात) 50 सीएफएमचा वेग सेकंदाला 5 मीटरच्या आसपास, अगदी ठीक. त्याच पाइपातून 200 ढकललं तर 21 मीटर. मग प्रेशर ड्रॉप वाढतो, हवा पाणी ओढून नेते आणि टूल चेंजरवर प्रेशरचा अलार्म. 2 इंची हेडरमध्ये 200 लाही वेग साडेपाचच. म्हणून आजच 2 इंची रिंग टाका, दर 6 मीटरला टी (फाटा) आणि बॉल व्हॉल्व्ह, तोंडं ब्लँक (बंद). कॉम्प्रेसर मात्र 15 एचपीचा एकच. मोठा स्क्रू कॉम्प्रेसर अनलोडमध्येही (हवा न देता नुसता फिरतानाही) पूर्ण लोडच्या पाव ते तृतीयांश वीज खातो. पुढे मागणी वाढली की दुसरा व्हीएफडीवाला (मागणीप्रमाणे वेग बदलणारा) जोडा.

विजेतही तेच. केबल ट्रेंच, अर्थिंग आणि दुसऱ्या ट्रान्सफॉर्मरचा प्लिंथ (चौथरा) आज; ट्रान्सफॉर्मर नंतर. करार मागणी (वीज कंपनीशी ठरवलेला कमाल केव्हीए लोड) फुगवून ठेवू नका. बिलिंग डिमांड कराराच्या ठराविक टक्क्यांखाली उतरत नाही, न वापरलेल्या केव्हीएचे पैसे दर महिन्याला जातात.

भोसरीकर:
आणि क्रेन? आज 5 टन पुरते. कॉलम आणि फाउंडेशन 10 टनांचं करून ठेवू का?

गेजब्लॉक:
इथे मी लोडफॅक्टर यांच्याशी थोडा असहमत. "नंतर फोडावं लागेल" एवढ्यावर हो म्हणू नका, आकडा मांडा. समजा, आज जादा खर्च 4 लाख. 10 टन लागायची शक्यता तीनात एक, तीही 5 वर्षांनी. 12 टक्के व्याजानं 5 वर्षांत रुपयाचे 1.76 होतात. म्हणजे 4 × 3 × 1.76, सुमारे 21 लाख. नंतरचं मजबुतीकरण आणि तेवढे दिवस बंद राहणाऱ्या शेडचं नुकसान मिळून 21 च्या वर जात असेल तरच आज करा. ॲल्युमिनियम हाऊसिंगच्या फिक्स्चरला (पार्ट पकडायच्या साधनाला) 10 टन कशाला लागतील, हाही प्रश्न आहेच.

उलट एक स्वस्त गोष्ट लोक विसरतात. शेड ज्या बाजूला वाढू शकते तिथली शेवटची फ्रेम हलक्या एंड-वॉलची न घेता पूर्ण मेन फ्रेम मागा. पुढची बे (दोन फ्रेममधला गाळा) जोडताना फक्त पत्रा आणि गर्ट (पत्रा धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) काढायचे. पीईबीवाला स्वतःहून सुचवणार नाही.

लोडफॅक्टर:
क्रेनचा हिशोब मान्य.

स्पेअरवे:
राखलेली सोय प्रत्यक्षात मरते कशी, ते कोणी लिहीत नाही. मोकळ्या प्लिंथवर वर्षभरात भंगाराच्या पेट्या चढतात. पॅनेलमधले रिकामे फीडर (वीज पुढे नेणाऱ्या लाइन) कूलर आणि वेल्डिंग मशीन खाऊन टाकतात. म्हणून पॅनेलच्या दारावरच लिहा: "फीडर 9 ते 14, विस्तारासाठी राखीव". ब्लँक केलेल्या प्रत्येक टीला नंबर द्या आणि तो ॲज-बिल्ट (प्रत्यक्ष बांधल्याप्रमाणेच्या) ड्रॉइंगवर चढवा.

दुसरं, कधी वाढवायचं ते आजच ठरवा. उदाहरणार्थ, दोन शिफ्टमध्ये सलग 3 महिने वापर 80 टक्क्यांवर आणि हातात ग्राहकाचं लेखी शेड्यूल, दोन्ही झालं की त्याच आठवड्यात मशीनची ऑर्डर आणि वाढीव लोडचा अर्ज. दोन्हीला महिने लागतात. पार्टचं पीपॅप (उत्पादनाला ग्राहकाची मंजुरी) झाल्यावर अर्ज केलात तर मधल्या काळात भाड्याचा डिझेल कॉम्प्रेसर आणि जनरेटर. त्यासाठी आजच हेडरला बाहेरच्या भिंतीशी एक 2 इंची फ्लँज काढून ठेवा, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हसकट.