निर्दय, निर्घृण की क्रूरकर्मा? हेरकथेतले काही अडलेले शब्द

प्रश्न

एका थरारक कादंबरीचं भाषांतर करतोय. एका अतिरेकी संघटनेचा प्रमुख आणि त्याच्या मागे लागलेलं दहशतवादविरोधी पथक, एवढीच गोष्ट. पण पहिल्याच पानावर अडलोय. मूळ वाक्यात 'एजंट', 'एक्स्ट्रीमिस्ट लीडर' आणि 'रूथलेस' हे तिन्ही शब्द एकत्र आलेत. 'एजंट' तसाच ठेवला तर विम्याचे हप्ते आठवतात. 'अतिरेकी नेता' म्हटलं तर निवडणुकीला उभा राहिलेला कुणीतरी वाटतो. 'रूथलेस'साठी शब्द पुष्कळ आहेत, पण एकही नीट बसत नाही.

उत्तर

'अतिरेकी'पासून सुरुवात करतो, कारण खरी गोम तिथेच आहे. अतिरेक म्हणजे प्रमाण सुटणं. मिठाचा होतो, लाडाचा होतो, तसा मतांचाही होतो. त्या हिशेबाने अतिरेकी हा आधी विचारांचा माणूस, हातात शस्त्र असो वा नसो. पण १९८०च्या दशकात पंजाब पेटला आणि बातम्यांमधून हा शब्द थेट बंदूकधाऱ्याला चिकटला. आज 'दोन अतिरेकी ठार' वाचताना कुणाच्याही मनात मतांचा विचार येत नाही. विशेषण म्हणून मात्र जुना अर्थ टिकून आहे. 'त्यांची मतं जरा अतिरेकी आहेत' हे आपण जेवणाच्या टेबलावरही म्हणतो.

'दहशतवादी' हा कृत्यावरून पडलेला शब्द, आणि कायद्यातलाही. १९८५चा टाडा, २००२चा पोटा, आणि पोटा २००४ मध्ये रद्द झाल्यावर त्यातल्या तरतुदी ज्यात आल्या तो १९६७चा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, या सगळ्यांच्या पोटात हाच शब्द आहे. २०१९च्या दुरुस्तीनंतर तर केंद्र सरकार एखाद्या व्यक्तीलाही 'दहशतवादी' म्हणून जाहीर करू शकतं. त्याआधी ही सोय फक्त संघटनांपुरती होती. म्हणजे हा शब्द आता शिक्क्यासारखाही वापरला जातो. तुमच्या कादंबरीत अहवाल, न्यायालय, पत्रकार परिषद असेल तिथे 'दहशतवादी'च हवा. बाजारात पळापळ झाली की ओरडणारा माणूस 'अतिरेकी आले' म्हणेल.

त्याच्या स्वतःच्या माणसांच्या तोंडी यातला एकही शब्द घालू नका. ते त्याला 'प्रमुख' म्हणतील, 'साहेब' म्हणतील, आणि स्वतःला सैनिक.

कुणी 'जहाल' सुचवण्याआधीच सांगतो: नको. १९०७च्या सुरत काँग्रेसपासून जहाल आणि मवाळ ही जोडी मराठीत अशी पक्की बसलीये की 'जहाल नेता' म्हटलं की डोळ्यांपुढे टिळकांची पगडी येते.

दुसरं उत्तर

'नेता' नकोच. 'नेते पळाले' असं आदरार्थी बहुवचन तो आपोआप मागतो, मग निवेदकच त्याला मान देतोय असं होतं. 'म्होरक्या' घ्या. 'म्होरक्या पळाला.' त्याला आदरार्थी बहुवचन लावून बघा, लागतच नाही. शब्दातच निकाल आहे.

त्यावर शंका

म्होरक्या दरोडेखोरांच्या टोळीचा असतो. ज्याची माणसं अनेक देशांत पसरलीत, पैसा तीन बँकांतून फिरतो, त्याला म्होरक्या म्हणजे जरा चिल्लर वाटतं. 'सूत्रधार' का नको?

दुसरं उत्तर देणाऱ्याकडून

चिल्लर वाटतं हे मान्य, पण सूत्रधार वेगळा. सूत्रधार एखाद्या घटनेचा असतो: या स्फोटाचा सूत्रधार, त्या अपहरणाचा सूत्रधार. म्होरक्या माणसांचा असतो. एकाच कादंबरीत दोघं वेगवेगळे असू शकतात, आणि चांगल्या कादंबरीत बहुधा असतात. पथक पहिली अडीचशे पानं सूत्रधाराला म्होरक्या समजून पकडायला धावतं. हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरलेत तर तुमचं रहस्य तुम्हीच फोडाल. संघटना मोठी दाखवायची असेल तर निवेदनात 'प्रमुख' आणि पथकातल्या लोकांच्या बोलण्यात 'म्होरक्या'.

आणखी एक उत्तर

'एजंट'बद्दल. 'हस्तक' हा शब्द मोहात पाडतो, पण मराठीत हस्तक नेहमी शत्रूचाच. आपल्या बाजूच्या माणसाला कुणी हस्तक म्हणत नाही. आणि एक गंमत: इंग्रजीतला 'हँडलर' आणि आपला 'हस्तक' दोन्ही हातावरूनच आले, पण अर्थ उलटे. हँडलर म्हणजे चालवणारा, हस्तक म्हणजे ज्याला चालवलं जातं तो. भाषांतरात यांची अदलाबदल झालेली पाहिलीये, आणि मग कोण कुणाला आदेश देतोय तेच कळत नाही. 'हँडलर' तसाच ठेवा.

'गुप्तहेर' म्हटलं की मराठी वाचकाला खासगी गुप्तहेरही आठवतो, कोटाच्या खिशात भिंग घेऊन फिरणारा. परक्या गोटात घुसलेल्या माणसाला साधा 'हेर' पुरतो, त्यात 'हेरणे' हे क्रियापद जिवंत आहे. कार्यालयात बसून फोन ऐकणारे, नकाशे लावणारे ते 'अधिकारी'. सगळ्यांना एकच शब्द कशाला?

हेरांच्या जातींसाठी शब्द कमी पडत असतील तर कौटिल्याचं अर्थशास्त्र उघडा. तिथे एका जागी ठाण मांडून बसणारे हेर ते 'संस्था' आणि फिरते ते 'संचार'. संस्थेत विद्यार्थ्याच्या वेषातला कापटिक, शेतकऱ्याच्या वेषातला गृहपतिक, व्यापाऱ्याच्या वेषातला वैदेहक, जटाधारी तापस. वर्षानुवर्षं दुकान चालवत गप्प बसलेला तुमचा 'स्लीपर' म्हणजे हाच वैदेहक. फिरत्यांमध्ये मारेकरी तो 'तीक्ष्ण' आणि विष घालणारा तो 'रसद'. (आपली फौजेची रसद वेगळी, ती फारसीतून आली. दोन्ही एकाच वाक्यात आणू नका, सैन्याला विष पोचेल.) दोन्हीकडून पगार खाणाऱ्यासाठी 'उभयवेतन' असा नेमका शब्द आहे. कादंबरीत हे शब्द तसेच घालायला सांगत नाही, संवाद पौराणिक नाटकासारखे होतील. पण पथकाने एखाद्या मोहिमेला 'वैदेहक' असं सांकेतिक नाव दिलं तर मला वाचायला आवडेल. 'निद्रिस्त गट' मात्र कृपया नको. 'स्लीपर सेल' सगळ्यांना कळतं.

मूळ प्रश्नकर्ता

आभार. 'रूथलेस' राहिलाच. 'निष्ठुर' कसा वाटतो?

पहिलं उत्तर देणाऱ्याकडून

निष्ठुर प्रियकर असतो, नियती असते. निष्ठुर माणसाकडून काहीतरी मायेची अपेक्षा केलेली असते, इथे ती कोण करतंय? 'निर्घृण' हा कृत्याला शोभतो: निर्घृण हत्या. संस्कृतात घृणा म्हणजे दयासुद्धा, म्हणून निर्घृण म्हणजे दया नसलेला. आज घृणा म्हणजे नुसती किळस उरल्यामुळे शब्द उलटा वाटतो, तरी बातम्यांनी तो जगवलाय. 'क्रूरकर्मा' फार नाटकी, समोर मशाल घेऊन उभा राहतो. 'नृशंस' संपादकीयात बरा.

मुळात रूथलेस आणि क्रूर यांत फरक आहे. क्रूराला त्रास देण्यात रस असतो. रूथलेस माणसाला त्यात रसही नसतो, तो आड येणाऱ्याला बाजूला करतो आणि पुढे जातो. म्हणून 'निर्दय'. साधा आहे, पण थंड आहे. किंवा विशेषण सोडूनच द्या आणि लिहा, 'दयामाया त्याच्या हिशेबात नव्हती.'

जाता जाता, शेवटी तो मारला गेला तर 'कंठस्नान घातले' लिहू नका. डोकं न भिजवता गळ्यापासून केलेल्या आंघोळीलाही कंठस्नानच म्हणतात. 'यमसदनी धाडले'ही वर्तमानपत्रालाच राहू द्या. 'टिपला' पुरे.

तुमचं वाक्य मी असं करीन: 'पथकातले अधिकारी दोन वर्षं त्याच्या मागावर होते. माणूस निर्दय होता, आणि घाईत कधीच नव्हता.' इथे 'पाठलाग' घालू नका. पाठलागात समोरचा दिसत असतो, मागावर असताना फक्त त्याच्या खुणा दिसतात. 'पिच्छा पुरवला'ही नको, तो वसुलीवाले पुरवतात. पाठलाग शेवटच्या प्रकरणासाठी राखून ठेवा, तिथे गाड्या पळणारच आहेत.